यॉर्कमध्ये दोन दिवस: कशाला पैसे द्यायचे, काय फुकटात बघायचं आणि काय सरळ सोडायचं

लंडन झाल्यावर इंग्लंडमधलं अजून एकच जुनं शहर बघायचं असेल तर बाथ, ऑक्सफर्ड, केंब्रिज सगळं बाजूला ठेवून मी यॉर्क सांगते. किंग्ज क्रॉसवरून थेट ट्रेन, साधारण दोन तास, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की समोर तटबंदीच दिसते, टॅक्सी-बिक्सी काही लागत नाही. आम्ही लीड्सला राहतो, तिथून यॉर्क म्हणजे अर्धा तास, त्यामुळे भारतातून कुणाचे आई-बाबा, कुणाचे सासू-सासरे, भाऊ-वहिनी आले की यॉर्कची फेरी ठरलेली असते आणि प्रश्नही दर वेळी तोच, की दिवस दोनच आहेत आणि जिथे तिथे तिकीट आहे, मग नक्की काय बघू?

खरं सांगायचं तर यॉर्कात बघण्यासारखं भरपूर आहे पण त्यात जोड्या आहेत. उंचावरून शहर बघायच्या जागा दोन, जुन्या काळात फिरवून आणणारी म्युझियम दोन, शहराबाहेरच्या मोठ्या इस्टेटी दोन. सगळं करायला गेलात तर दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे कंटाळलेले आणि खिसा रिकामा. म्हणून माझं म्हणणं एवढंच की जोडीतलं एकच घ्या आणि ते नीट, निवांत बघा. कोणतं घ्यायचं हे तुमच्याबरोबर कोण आहे त्यावर ठरेल. तिकिटांचे आकडे लिहीत नाही कारण ते सारखे बदलतात, पण महाग काय आणि फुकट काय ते सांगते.

मिन्स्टर: बाहेरून फोटो काढून पुढे जायचं का आत जायचं?

मिन्स्टर म्हणजे यॉर्कचं भलंमोठं जुनं चर्च. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, कारण शहरातल्या महागातल्या तिकिटांपैकी हे एक आहे आणि तोपर्यंत लोकांनी लंडनमध्ये एक-दोन चर्च बघितलेली असतात. माझं उत्तर, यॉर्कात एकाच ठिकाणी पैसे खर्च करणार असाल तर ते इथे करा. बाकी काही नाही बघितलं तरी चालेल.

कारण म्हणजे काच. इमारत भव्य आहेच, १२२० च्या सुमाराला काम सुरू झालं आणि १४७२ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे अडीचशे वर्षं ती बांधतच होते. पण ज्यासाठी आत जायचं ती पूर्वेची मोठी खिडकी. जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत ती केली, टेनिस कोर्टाएवढी मोठी आहे, आणि तिच्यात बायबलमधली जगाची सुरुवात आणि जगाचा शेवट, दोन्ही रंगवलेले आहेत. वेळेत काम संपवलं तर दहा पौंड जादा असं करारात होतं आणि त्याने ते वेळेत संपवलं. २००८ पासून दहा वर्षं या खिडकीचा एकेक तुकडा उतरवून, साफ करून परत बसवला, आणि आज ती ज्या रंगात दिसते तशी कित्येक पिढ्यांनी बघितलेली नाही. शक्यतो सकाळी जा, पूर्वेकडून ऊन येतं तेव्हा. आणि छोटी दुर्बीण असेल तर घेऊनच जा, नाहीतर फोनचा कॅमेरा झूम करून बघा, कारण वरच्या तुकड्यांमधले चेहरे, राक्षस, जहाजं खालून नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

उत्तरेला फाइव्ह सिस्टर्स म्हणून पाच उंच खिडक्या आहेत, तेराव्या शतकातल्या, रंग जवळपास नाहीच, राखाडी-हिरवट. लोक दोन सेकंद बघून पुढे जातात. थांबा तिथे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश साम्राज्यातल्या बायकांचं स्मारक म्हणून १९२५ मध्ये या खिडक्या अर्पण केल्यात, बाजूच्या लाकडी पडद्यांवर त्यांची नावं आहेत, नर्सेस, कारखान्यात काम करणाऱ्या वगैरे. युद्धाची स्मारकं इंग्लंडमध्ये गावोगावी आहेत पण बायकांच्या नावाचं असं मी तरी दुसरीकडे बघितलेलं नाही.

मुलं बरोबर असतील तर दक्षिणेच्या बाजूचं छत दाखवा. ९ जुलै १९८४ च्या रात्री तिथे आग लागली, बहुतेक वीज पडून, आणि सगळं छत खाली आलं. नवीन छत करताना टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात स्पर्धा घेतली आणि जिंकलेल्या मुलांची डिझाइनं खरंच लाकडात कोरून वर बसवली, त्यात चंद्रावर उतरलेला माणूससुद्धा आहे. चर्चच्या छतात अंतराळवीर शोधायला मुलांना जाम मजा येते.

तळघरातलं म्युझियम याच तिकिटात आहे, ते चुकवू नका. १९६७ च्या सुमाराला लक्षात आलं की मधला मनोरा खचत चाललाय, म्हणून पाया भक्कम करायला खाली खणलं, तर खाली रोमन लष्कराच्या मुख्यालयाचे अवशेष निघाले. इसवी सन ७१ मध्ये रोमनांनी हे शहर वसवलं आणि ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला सैन्याने इथेच सम्राट म्हणून जाहीर केलं, बाहेर त्याचा पुतळा आहे, पायऱ्यांवर लोक बसून सँडविच खात असतात तोच.

आता ज्यांना तिकीट काढायचंच नाहीये त्यांच्यासाठी: संध्याकाळची प्रार्थना, इव्हनसाँग, तिला तिकीट नसतं, कोणत्याही धर्माचं माणूस जाऊन बसू शकतं. गायकवृंद गात असतो आणि तो आवाज त्या दगडी छताखाली जसा घुमतो ते ऐकण्यासारखं आहे. माझ्या सासूबाईंना भाषा कळत नव्हती तरी त्या डोळे मिटून शेवटपर्यंत बसल्या होत्या. पण हे लक्षात घ्या की प्रार्थनेला आलात तर फिरता येत नाही, फोटो काढता येत नाहीत, आणि पूर्वेची खिडकीही नीट बघायला मिळत नाही. म्हणजे तिकिटाला हा पर्याय नाही, ही वेगळीच गोष्ट आहे. जमलं तर दोन्ही करा.

मनोऱ्यावर चढायचं का क्लिफर्ड्स टॉवरवर?

मिन्स्टरच्या मधल्या मनोऱ्यावर जायला वेगळे पैसे पडतात, २७५ पायऱ्या, अरुंद गोल जिना, लिफ्ट नाही, ठरलेल्या वेळेलाच सोडतात आणि लहान मुलांना वर नेत नाहीत. सिंहगड-राजगड केलेल्यांना पायऱ्या काहीच नाहीत, पण जिना इतका चिंचोळा की गुडघ्याचा किंवा बंद जागेचा त्रास असेल त्याने जाऊ नये, कारण मध्येच मागे फिरता येत नाही. वर गेल्यावर सगळं शहर दिसतं, लाल छपरं, लांबवर शेतं. फक्त एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे मिन्स्टर, कारण तुम्ही त्याच्यावरच उभे असता!

क्लिफर्ड्स टॉवर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, गवताच्या टेकाडावर एक दगडी बुरूज. टेकाडावर चढायला ५५ पायऱ्या आणि पुढे आत आणखी थोड्या. पूर्वी आत नुसती मोकळी भिंत होती, लोक म्हणायचे पैसे वाया, आणि त्यात तथ्य होतं. २०२२ मध्ये आत लाकडी बांधकाम करून वर गच्ची केली, तेव्हापासून माझं मत बदललं. वरून अख्खं मिन्स्टर समोर दिसतं, मागे मोकळं आकाश, आणि गर्दी कमी. नुसत्या व्ह्यूसाठी निवडायचं असेल तर मी हेच निवडीन.

पण इथे नुसत्या व्ह्यूसाठी जाऊ नका. मार्च ११९० मध्ये यॉर्कमधल्या ज्यू लोकांवर जमाव चालून गेला, त्या जमावात ज्यूंकडून घेतलेलं कर्ज ज्यांना बुडवायचं होतं असेही लोक होते. साधारण दीडशे माणसं, बायका-मुलांसकट, याच जागी असलेल्या किल्ल्याच्या लाकडी बुरुजात आसऱ्याला गेली. वेढा पडला, सुटका नाही हे दिसल्यावर बहुतेकांनी एकमेकांना आणि स्वतःला संपवलं, बुरूज जळाला, आणि जे जिवंत बाहेर आले त्यांनाही मारलं. आत्ताचा दगडी टॉवर त्यानंतरचा, तेराव्या शतकातला आहे. खाली पायथ्याशी याची पाटी आहे. वसंतात टेकाडावर पिवळे डॅफोडिल फुलतात ते मुद्दाम लावलेले आहेत, सहा पाकळ्यांची फुलं, ज्यूंची खूण असलेल्या डेव्हिडच्या चांदणीसारखी. बरेच लोक तिथे सेल्फी काढतात आणि पाटी न वाचताच जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. मोठ्या मुलांना आधी सांगून मग वर न्या.

तटबंदी

यावर तुलना नाही. फुकट आहे, करायचीच. साधारण साडेतीन किलोमीटर, पूर्ण चाललात तर दोन तास, सकाळी उघडते आणि अंधार पडायच्या आत बंद होते. बर्फ पडला की बंद. एवढी लांब आणि एवढी शाबूत मध्ययुगीन तटबंदी इंग्लंडात दुसऱ्या शहरात नाही, आणि हीसुद्धा राहणार नव्हती, १८०० मध्ये नगरपालिकेलाच ती पाडायची होती, लोकांनी विरोध केला, विल्यम एटी नावाच्या चित्रकाराने तर ती वाचवायला जीव तोडून प्रयत्न केले. त्याचा पुतळा आर्ट गॅलरीसमोर आहे, जाता जाता बघा.

वेळ कमी असेल तर फक्त बूथम बार ते मंक बार (इथे बार म्हणजे तटबंदीतली वेस) एवढाच तुकडा करा, वीस-पंचवीस मिनिटं, मिन्स्टरच्या मागच्या बागा वरून दिसतात, सगळ्यात देखणा भाग तोच. स्टेशनकडून येताना लेंडल पुलापर्यंतचा तुकडाही छान आहे. एक सूचना, बऱ्याच ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही आणि वाट अरुंद आहे, त्यामुळे धावणारं लहान मूल असेल तर हात सोडू नका आणि स्ट्रोलर तर नेऊच नका. वेशींच्या जिन्यांच्या पायऱ्याही उंच आहेत, आई-बाबांना एका वेशीवर चढवून पुढच्या वेशीला उतरवा, मध्ये उतरायच्या जागा फार नाहीत.

योर्विक की कॅसल म्युझियम?

दोन्ही तुम्हाला जुन्या यॉर्कमध्ये फिरवून आणतात, दोन्हीला तिकीट आहे, दोन्ही पोरांना आवडतात. तरी दोन्ही करायची गरज नाही.

योर्विक म्हणजे व्हायकिंगांचं यॉर्क. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी शहर घेतलं. कॉपरगेट भागात १९७६ ते १९८१ पाच वर्षं उत्खनन चाललं, तिथली माती ओली आणि हवा न शिरणारी असल्यामुळे एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू टिकल्या होत्या: लाकडी घरांच्या भिंती, चामड्याचे जोडे, लोकरीचा मोजा, फळांच्या बिया. त्याच जागेवर जमिनीखाली १९८४ मध्ये हे सुरू झालं. छोट्या गाडीत बसवतात आणि हजार वर्षांपूर्वीच्या गल्लीतून फिरवतात, हलणारे पुतळे, आवाज, आणि वास! मासळी, धूर, संडास, सगळ्याचे वास सोडलेले आहेत. काही जणांना मळमळतं, तसं असेल तर टाळा. फेरी पंधरा-वीस मिनिटांचीच आहे, मग खालच्या गॅलरीत वस्तू. तिथली सगळ्यात प्रसिद्ध वस्तू म्हणजे एका व्हायकिंगची वाळून दगड झालेली विष्ठा, वीसएक सेंटिमीटर लांब. त्यावरून तो माणूस काय खात होता आणि त्याच्या पोटात कोणते जंत होते ते शास्त्रज्ञांनी शोधलं. सहा ते बारा वयाची मुलं या एका गोष्टीसाठी योर्विक आयुष्यभर लक्षात ठेवतात.

कॅसल म्युझियम जुन्या तुरुंगाच्या इमारतीत आहे, क्लिफर्ड्स टॉवरच्या समोरच. डॉ. जॉन कर्क नावाच्या पिकरिंग गावच्या डॉक्टरांना रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तू जमवायचा नाद होता, ग्रामीण जगणं डोळ्यांसमोर बदलत होतं म्हणून. त्या संग्रहातून १९३८ मध्ये म्युझियम उभं राहिलं आणि आत व्हिक्टोरियन काळातली अख्खी गल्ली उभारली, कर्कगेट, दगडी रस्ता, दुकानं, खऱ्या जुन्या वस्तूंनी भरलेली. खाली कोठड्या आहेत, डिक टर्पिन हा दरोडेखोर १७३९ मध्ये फाशी जायच्या आधी याच तुरुंगात होता.

माझा निर्णय असा आहे. लहान मुलं असतील तर योर्विक, ऑनलाइन बुक करूनच, सुट्टीत बाहेर मोठी रांग लागते. आई-बाबा असतील तर डोळे झाकून कॅसल म्युझियम, कारण तिथे आपल्या वेगाने फिरता येतं, बसता येतं, दोन-तीन तास आरामात जातात, आणि पाऊस आला तर फारच उत्तम. जुनी शिलाई मशीनं, इस्त्र्या, किराणा दुकानातले डबे बघून आमच्या बाबांची पिढी जी बोलायला लागते ती थांबत नाही. पैशाचा मोबदला म्हणून बघाल तर कॅसल म्युझियम जास्त देतं. पण शोध म्हणून, म्हणजे जमिनीतून खरंच काय निघालं या अर्थाने, योर्विक मोठं आहे, हेही मान्य करायला हवं.

रेल्वे म्युझियम

नॅशनल रेल्वे म्युझियम स्टेशनच्या मागेच आहे, १९७५ पासून, आणि प्रवेश फुकट. याला शहरात जोडीदार नाही. ज्यांना रेल्वेचं वेड नाही त्यांनीही जावं असं मी म्हणते आणि तसं म्हणायचं कारण म्हणजे मलार्ड. निळं, मासोळीसारख्या अंगाचं वाफेचं इंजिन, ३ जुलै १९३८ ला ते ताशी १२६ मैल म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेगाने धावलं आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. त्याच्या शेजारी उभं राहिलं की मोठी चाकंच आपल्यापेक्षा उंच असतात. राजघराण्याचे जुने डबेही इथल्या संग्रहात आहेत, व्हिक्टोरिया राणीचा सुद्धा. फ्लाइंग स्कॉट्समन हे इंजिनही यांच्याच मालकीचं, पण ते बरेचदा दौऱ्यावर असतं, त्यामुळे फक्त त्याच्यासाठी जाणार असाल तर आधी चौकशी करा.

आणि एक जपानी बुलेट ट्रेनचा डबा आहे, पहिल्या पिढीतल्या शिंकान्सेनचा, २००१ मध्ये आलेला, आत शिरता येतं. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी जे तंत्रज्ञान घेतलंय त्याचा हा आजोबा, म्हणून आपल्याकडच्या लोकांना तो बघायला वेगळीच ओढ असते. मोठ्या हॉलमध्ये मधोमध टर्नटेबल आहे, चारही बाजूंना इंजिनं. किमान अडीच तास ठेवा. आणि परतीच्या ट्रेनच्या दिवशीच ठेवा, बाहेर पडलं की स्टेशन चालत दोन-पाच मिनिटांवर, धावपळ नाही.

शॅम्बल्स, चॉकलेट, बेटीज

शॅम्बल्स ही कसायांची जुनी गल्ली, लाकडी घरं इतकी पुढे झुकलेली की वरून हात मिळवता येतील. फुकट आहे, दहा मिनिटांचं काम आहे. सकाळी आठ-साडेआठला जा, दुकानं उघडायच्या आत, तेव्हा मांस टांगायचे जुने आकडे आणि खिडक्यांखालच्या रुंद फळ्या नीट दिसतात. अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते. हॅरी पॉटरचं शूटिंग इथे झालं असं समजून लोक येतात, इथे झालेलं नाही, दुकानं मात्र भरपूर आहेत, छडी घेण्याचा हट्ट होणार हे धरून चाला.

चॉकलेटचं जे म्युझियम आहे ते मी सोडा म्हणेन. यॉर्क चॉकलेटचं गाव होतं हे खरंच, राउनट्री आणि टेरीज इथलेच, किटकॅटसुद्धा १९३५ मध्ये राउनट्रीने इथेच काढलं, वेगळ्या नावाने. पण दोन दिवसांत त्याला तिकीट काढून वेळ देण्याइतकं नाही. बाहेर पाऊस आहे आणि मुलं रडतायत, तेव्हा जा.

बेटीज हे चहाचं जुनं ठिकाण, १९१९ मध्ये हॅरोगेटला सुरू झालं, यॉर्कचं १९३० च्या दशकातलं. मोठ्या काचा, चांदीच्या किटल्या, पांढरे एप्रन. रांग तास-तासभर असते शनिवारी. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर सहज जागा मिळते, तेव्हा जरूर जा, आई-बाबांना त्या थाटात चहा प्यायला फार आवडतं. शनिवारी दुपारी रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही, तेवढ्या वेळात तटबंदीचा एक तुकडा होतो.

शहराबाहेर: कॅसल हॉवर्ड की फाउंटन्स अ‍ॅबी?

दुसरा दिवस शहराबाहेर घालवायचा असेल तर लोक ही दोन नावं विचारतात. दोन्ही तासाभराच्या आत, दोन्हीकडे बागा, तळी, आणि दोन्ही महाग.

कॅसल हॉवर्ड नावाला किल्ला, प्रत्यक्षात वाडा. १६९९ मध्ये तिसऱ्या अर्ल ऑफ कार्लाइलने व्हॅनब्रूला काम दिलं, जो नाटकं लिहायचा आणि तोपर्यंत त्याने एक इमारत बांधलेली नव्हती! बांधकाम शंभर वर्षांवर चाललं, मध्ये दुसऱ्याच माणसाने एक बाजू वेगळ्या पद्धतीने बांधली म्हणून समोरून बघितलं तर दोन्ही बाजू सारख्या नाहीत. १९४० मध्ये आग लागून घुमट कोसळला, नंतर परत बांधला. आतला हॉल, पुतळे, चित्रं, सगळं राजेशाही. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये हा वाडा दिसलेला आहे, त्यामुळे ओळखीचा वाटतो.

फाउंटन्स अ‍ॅबी म्हणजे मठाचे अवशेष, रिपन गावाजवळ. ११३२ मध्ये यॉर्कच्या सेंट मेरीज मठातले तेरा भिक्षू तिथल्या आरामाच्या जगण्याला कंटाळून बाहेर पडले, कडक नियमांनी राहायचं म्हणून, आणि त्यांना या ओसाड दरीत जागा मिळाली. पुढे तोच मठ लोकरीच्या व्यापारावर प्रचंड श्रीमंत झाला. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा तोही गेला. उरलं ते छप्पर नसलेलं चर्च, उंच मनोरा, आणि कोठाराची ती लांबच लांब कमानींची रांग, तिथे आत उभं राहिलं की शेवटचं टोक अंधारात जातं. पुढे पाण्याची बाग आहे, ती जॉन एझलबीने केली. हा देशाचा अर्थमंत्री होता, १७२० च्या साउथ सी कंपनीच्या घोटाळ्यात अडकला, संसदेतून हाकलला गेला, आणि मग इथे येऊन उरलेलं आयुष्य या बागेवर खर्च केलं. १९८६ पासून ही सगळी जागा युनेस्कोच्या यादीत आहे. शेजारच्या पार्कात हरणं फिरतात.

मी स्वतः फाउंटन्सकडे झुकलेली आहे आणि ते लपवत नाही. सजवलेले वाडे जगात खूप आहेत, म्हैसूर बघितलेल्या माणसाला कॅसल हॉवर्डच्या हॉलमध्ये फार काही नवीन वाटत नाही. फाउंटन्ससारखी जागा मात्र क्वचित. शिवाय यॉर्कशी तिचं नातं आहे: सेंट मेरीजचे अवशेष म्युझियम गार्डन्समध्ये आहेत, फुकट, शहराच्या मधोमध, आदल्या दिवशी ते बघून ठेवा म्हणजे ते तेरा जण कुठून निघाले ते डोळ्यांसमोर येतं. पण गाडी हवी. गाडीशिवाय ट्रेन, बस, परत बस असं करत आई-बाबांना नेऊ नका. चालणंही भरपूर आहे, पाऊस आला तर आडोसा कमी. गाडी नसेल किंवा जास्त पायी चालणं झेपत नसेल तर कॅसल हॉवर्ड बरं, निदान आत छप्पर आहे. फक्त वाडा वर्षभर रोज उघडा नसतो, बागेचं तिकीट आणि वाड्याचं तिकीट वेगळं असतं, ते बघून घ्या.

व्हिटबी की नेअर्सबरो?

गाडी नसणाऱ्यांसाठी खरी निवड ही आहे.

व्हिटबी समुद्रकाठी आहे, यॉर्कहून कोस्टलाइनर बस जाते, दोन तासांहून जास्त, आणि तो रस्ता म्हणजे अर्धी ट्रिप आहे. मूर्समधून, ऑगस्टमध्ये जांभळ्या हेदरने भरलेल्या माळावरून बस जाते, वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. गावात १९९ पायऱ्या चढून वर अ‍ॅबीचे अवशेष, समोर उत्तर समुद्र. दर्यावर्दी कॅप्टन कुकने इथे जहाजावरची उमेदवारी केली आणि त्याचं एंडेव्हर जहाज याच गावात बांधलेलं, मुळात कोळसा वाहायचं. पंजाबचे महाराजा दुलीपसिंग राज्य गेल्यावर काही वर्षं या गावाजवळच्या मलग्रेव्ह कॅसलमध्ये भाड्याने राहिले होते, त्या थंड किनाऱ्यावर उभं राहून हे आठवलं की मन जड होतं. मासे खाणाऱ्यांची इथे चंगळ. शाकाहारी लोकांनी मात्र चिप्स घ्यायच्या आधी विचारा, यॉर्कशरमध्ये बरेच जण बीफच्या चरबीत तळतात, नुसते बटाटे दिसले म्हणून शाकाहारी असतीलच असं नाही. आपल्याकडच्या पाहुण्यांना हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

नेअर्सबरो ट्रेनने अर्ध्या तासावर. नदी, तिच्यावरून जाणारा दगडी रेल्वे पूल, होड्या, वर किल्ल्याचे चार दगड. अर्धा दिवस पुरतो, मदर शिप्टन या भविष्य सांगणाऱ्या बाईच्या गुहेला तिकीट आहे, तिथल्या झऱ्याखाली टांगलेल्या टोप्या आणि टेडी बेअर पाण्यातल्या क्षारांनी हळूहळू दगड होतात. १६३० पासून लोक पैसे देऊन ते बघतायत.

आई-बाबा, लहान मूल, किंवा दुपारनंतर परतीची ट्रेन असेल तर नेअर्सबरो. तरुण असाल, अख्खा दिवस हातात असेल, समुद्र हवा असेल तर व्हिटबी. उन्हाळ्यात पिकरिंग ते ग्रॉसमंट वाफेच्या इंजिनाची गाडी चालते, जवळपास तीस किलोमीटर, रेल्वे म्युझियममध्ये उभी इंजिनं बघून झाल्यावर धावतं बघायचं असेल तर व्हिटबीच्या ऐवजी तो दिवस तिला द्या. व्हिटबीला गेलात तर परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच बघून ठेवा, ती तुम्हाला वाटते त्याच्या बरीच आधी असते.

कधी यायचं याबद्दल थोडं. मार्चअखेर ते एप्रिल, तटबंदीच्या उतारावर डॅफोडिल असतात तेव्हा, माझी सगळ्यात आवडती वेळ. ऑगस्टमध्ये घोड्यांच्या शर्यतींचा मोठा आठवडा असतो, हॉटेलचे भाव गगनाला, तो टाळा. ख्रिसमस मार्केट सुंदर असतं पण शनिवार-रविवार नको, आणि डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आत अंधार, म्हणजे तटबंदी आधी करून घ्यायची. हिवाळ्यात ऊज नदीला पूर येतो, काठावरचं हॉटेल स्वस्त दिसलं तर जरा विचार करा. लंडनहून ट्रेनचं तिकीट आधी काढा, ऐनवेळी फार महाग पडतं, आणि दोघंच असाल तर टू टुगेदर रेलकार्ड, आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर सीनियर, एक तृतीयांश सूट मिळते, जाऊन-येऊन एका फेरीतच कार्डाचे बरेचसे पैसे निघतात.